सांधणला काहीच झालं नाही, तरी

त्या दिवशी सांधण दरीत, म्हणजे सह्याद्रीतल्या एका अरुंद घळीत, दगड पडला नाही, कुणाला खरचटलं पण नाही, तरी तीच ट्रिप डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतो.

मी नागपूरहून ग्रुप घेऊन जातो, आधी कोकण किनारा मग सह्याद्रीतल्या घळी. लोकांना वाटतं दोर आणि डोंगर, पण निम्मं काम बायकांसाठी बरं टॉयलेट शोधण्यात जातं आणि उरलेलं बूट बघण्यात, कारण आपल्याकडचा माणूस आदल्या संध्याकाळीच नवेकोरे बूट घेतो. तिसरं काम ऑफिसनं घातलेले घोळ निस्तरणं. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग ओहोटीलाच करायचा असतो, कोळ्यांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आम्ही पोचलो अष्टमीला आणि कागदावर प्रदक्षिणा संध्याकाळी पाचला! मी ती दुसऱ्या दिवशी दुपारी नेली, उन्हात, सगळे कुरकुरले. फक्त एका काकांनी हिशोब नीट विचारून घेतला. सावनेरकडच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले, माइनिंग सरदार होते, म्हणजे खाणीत माणसांची सुरक्षा बघणारे.

सांधणमध्ये जेवायची जागा ठरलेली. वर कातळ पुढे आलेला, खाली सपाट दगड, सावली. डबे उघडले होते, कमरेएवढ्या पाण्यातून आल्यामुळे अर्ध्यांनी बूट काढलेले. काका मात्र उभेच. गाईडची काठी मागून घेतली, डावा पंजा कातळावर सपाट ठेवला आणि उजव्या हातानं ठोकत गेले. इथं टण्ण. दोन हात पुढं बद्द. परत टण्ण, परत बद्द. खाणीत छत असंच ठोकून बघतात म्हणे, कानानं आवाज आणि पंजानं थरथर. टण्ण म्हणजे पक्कं, बद्द म्हणजे बोदा, आतून सुटलेलं.

"बाबू, लोकायले इथून उठव."

"काहून काका?"

"आवाज बोदा येऊन राह्यला."

दरीजवळच्या साम्रद गावचा गाईड आमच्यासोबत नेहमीचाच, प्रत्येक दगड ओळखणारा. तो म्हणाला, सर, आमचे बापजादे इथंच बसत आले. आणि खरंय ते. खाणीचं छत म्हणजे बहुतेक वालुकाश्म, थरांचा दगड, हा बेसाल्ट, दोघांचा बोदा आवाज एकच गोष्ट सांगतो का कुणास ठाऊक. पण बेसाल्टलाही भेगा असतात आणि पावसाळाभर त्यात पाणी मुरतं. मी उठवलं सगळ्यांना.

वीसेक माणसं, ओले मोजे, उघडे डबे, वर दगडांवरून चढउतार... पन्नास पावलं पुढं सरकायला पाऊण तास गेला. तिथंच रॅपल, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, हातचा गेला. कातळातल्या दोन स्वतंत्र बोल्टवर दोर अडकवायचा अँकर, दोघांवर सारखा भार, प्रत्येकाला सुरक्षेसाठी वेगळ्या दोराचा आधार म्हणजे बिले, हे मी कुणाच्या घाईसाठी सोडत नाही, आणि तसं केलं की माणशी दहा मिनिटं लागतातच. एकदा खाली उतरलं की परत वर यायची सोय नाही, पुढं करोली घाटाकडं उतरायचं, म्हणजे अंधार दरीतच. आल्या वाटेनं परतलो. एका पोट्ट्यानं तिथल्या तिथं रिफंड मागितला, यांना थरार पाहिजे पण तो पण वेळेवर पाहिजे.

ऑफिसचा फोन रात्री.

"काय पडलं?"

"काहीच नाही."

"मग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. न पडलेला दगड दाखवणार कसा? गाईड पण बरेच दिवस तुटक बोलत होता, पाहुण्याच्या काठीसाठी त्याचा शब्द डावलला हे त्याला लागलंच असणार. प्रत्येक ट्रिपला मी तसाच पंजा ठेवून ठोकतो, मला दोन्हीकडे आवाज सारखाच येतो.

पावसाळ्यानंतर काकांचा फोन आला. "पडला काय रे तो?"

"नाही काका, तसाच आहे."

"मंग अजून बसवजो नोको."