कॅसेट क्र. ७, बाजू अ : आगाऊ आवाजाचा छडा लागला

मंडळी, सापडलं! (नव्याने येणाऱ्यांसाठी : काकांच्या कपाटातल्या जुन्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून साफ करते आहे. ही सातवी, एका लेखकाने सभागृहात केलेल्या विनोदी वाचनाची.) अ बाजूच्या शेवटच्या काही मिनिटांत जी कुजबुज ऐकू येते, ती पलीकडच्या बाजूची नाहीच. मागच्या नोंदीत मी त्यावर क्रॉसटॉकचा शिक्का मारला होता, तो आज पुसते. ब बाजू टेपवर उलट्या दिशेने भरलेली असते, तिचा आवाज अ बाजूवर झिरपला असता तर तो उलटा ऐकू आला असता. परवा रात्री हेडफोन लावून, आवाज पार वर नेऊन ऐकलं तर कुजबुज चक्क सुलटी. शब्द कळत होते. आणि ते शब्द लेखक अजून उच्चारायचा होता.

म्हणजे प्रिंट-थ्रू. टेपचे वेढे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून राहिले की एका वेढ्यावरच्या चुंबकत्वाची फिकट छाप शेजारच्या वेढ्यावर उमटते. मग मूळ आवाजाच्या एक वेढा आधी आणि एक वेढा नंतर त्याची सावली ऐकू येते. गाण्याच्या कॅसेटीत ती वाद्यांखाली दबून जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. इथे एक माणूस टेबलामागे बसून स्वतःचे विनोदी लेख वाचतोय. त्याचं निम्मं काम शब्दांनी होतं आणि निम्मं गप्प राहण्याने. सावली पडते ती नेमकी त्या गप्प राहण्यावर.

शिडीची जागा ऐका म्हणजे माझी तडफड कळेल. शेजाऱ्याने शिडी मागून नेली, महिने लोटले, पाच-सहा वाक्यांत वैताग चढत गेला. मग एकदम थंड सुरात, «शिडी त्यांनी परत केली.» आणि थांबला. २.२ सेकंद. सभागृहात कुणाची तरी खुर्ची कुरकुरते, एक खोकला येतो. मग तसाच थंडपणे, «वरच्या दोन पायऱ्या अजून लागणार होत्या, त्या ठेवून घेतल्या.» आणि छप्पर उडतं. आता माझ्या टेपवर काय होतं? थांबल्यानंतर ०.४ सेकंदात त्या शांततेच्या तळाशी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं, «वरच्या दोन पायऱ्या…» विनोद फुटला! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कदाचित ते शब्द लागणार नाहीत, पण काहीतरी येऊ घातलंय हे कानाला कळतं. ज्या थांब्यात ऐकणाऱ्याला काहीही कळायला नको, तिथे एवढंही फार होतं.

मार्क ट्वेन यांनी १८९५ मध्ये गोष्ट सांगण्याच्या कलेवर जो लेख लिहिला, त्यात विरामाला त्यांनी फार महत्त्व दिलं आहे. विराम नेमका हवा, कणभर कमी नको आणि कणभर जास्त नको, नाहीतर विनोद वाया जातो, असं त्यांचं म्हणणं. मी गेले तीन महिने वेव्हफॉर्मवर (संगणकावर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखावर) हे विराम मोजते आहे आणि मला ते शब्दशः पटलंय.

आता गंमत पाहा. हा त्रास शेवटीच का, याचं उत्तर मला चार दिवस मिळत नव्हतं, ते शेवटी साध्या भूमितीतून मिळालं. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी सरकते. सी-६० मध्ये (साठ मिनिटांच्या कॅसेटीत) एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे साधारण ९० मीटर टेप. बाजू सुरुवातीला गुंडाळून ठेवली असेल तर सुरुवात सगळ्यात बाहेरच्या, मोठ्या वेढ्यावर असते आणि शेवट आतल्या चाकाला लागून. बाहेरचा वेढा जवळपास १५ सेंमीचा, म्हणून तिथे सावली सव्वातीन सेकंद आधी येते. मध्यावर अडीच. शेवटची चार मिनिटं उरली की वेढा साडेआठ सेंमीचा, अंतर १.८ सेकंद. लेखकाचे थांबे एक ते सव्वादोन सेकंदांचे. सुरुवातीला सावली थांब्याच्याही अलीकडे, चालू वाक्याच्या अंगाखाली जाऊन पडते आणि ऐकू येत नाही. शेवटी शेवटी ती बरोबर थांब्यात येऊन बसते. मी बारा जागी अंतर मोजलं, बारापैकी अकरा जागा या हिशोबात चपखल बसल्या. (बारावीत हशा मध्ये आला, ती मोजता येत नाही.)

अंतर कमी कमी होत जातंय, याचा आणखी एक अर्थ आहे. टेप उलट टोकाला गुंडाळून ठेवलेली असती तर अंतर वाढत गेलं असतं. म्हणजे काका ऐकून झालं की कॅसेट मागे आणूनच कपाटात ठेवायचे. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यांची ही सवय मला आकड्यांतून कळली आणि मी थोडा वेळ काम बाजूला ठेवलं.

उपायांकडे येते. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) लावून थांबे पूर्ण कोरे करून पाहिले. तसं करू नका, कळकळीने सांगते. कुजबुज गेली, पण सभागृहही गेलं. खुर्ची नाही, खोकला नाही, श्वास नाही. लेखक प्रत्येक वाक्यानंतर विहिरीत पडतोय असं वाटतं. त्या थांब्यात तीनशे माणसं श्वास रोखून आहेत हे ऐकू आलं पाहिजे, तरच नंतरचा हशा हशा वाटतो.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन सरसर आवाजासाठी मला आवडतं, मी ते ६ डेसिबलच्या वर नेत नाही. इथे त्याचा उपयोग नाही. ते एकसारख्या गोंगाटाचा नमुना घेऊन काम करतं आणि ही सावली तर बोलणं आहे. आवाज आपोआप स्वच्छ करणारी नवी एआय साधनंही दोन वापरून पाहिली. त्यांना फक्त बोलणारा माणूस कळतो, हशा त्यांच्या लेखी कचरा. टाळ्यांचा कडकडाट पन्नास फुटांवरून आल्यासारखा करून ठेवतात. मुलाखतीला चालतील, विनोदी वाचनाला अजिबात नाही. आणि ऐकताना शांतता आपोआप गाळणारी जी सोय असते, ती असल्या वाचनासाठी कुणी सुरू करत असेल तर कृपा करून आधी बंद करा.

खरा फरक पडायला सुरुवात झाली ती फुकटच्या उपायाने. टेप पूर्ण पुढे, पूर्ण मागे, असं तीनदा गुंडाळलं आणि दर वेळी मध्ये काही तास जाऊ दिले. ताजी, वरवरची छाप अशाने ओसरते. माझ्या मोजणीत सावली जवळपास ३ डेसिबलने उतरली. मूळ रेकॉर्डिंगला धक्का नाही. यापुढे कुठलीही कॅसेट थेट डेकवर चढवणार नाही, आधी तीन फेऱ्या.

उरलेल्यासाठी रविवारी सकाळी सुचलेली युक्ती. सावली म्हणजे पुढच्याच वाक्याची फिकट नक्कल. मूळ वाक्य आपल्याकडे आहे, किती आधी पडते ते माहीत आहे. मग मूळ वाक्याचा तुकडा उचलायचा, वरच्या पट्ट्या कापायच्या (छाप मुख्यतः मधल्या पट्टीतच उमटते, माणसाच्या आवाजाच्या ऐन मध्यावर), फेज उलटा करायचा (लहरीचा चढ तिथे उतार, उतार तिथे चढ), आवाज सावलीइतका खाली आणायचा आणि थांब्यावर नेऊन ठेवायचा. उलट आणि सुलट एकमेकांना खातात.

सांगायला सोपं आहे. ५०० हर्ट्झला एक लहर २ मिलिसेकंदांची, ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नोंदी, एकेक नोंद म्हणजे सॅम्पल) ९६ सॅम्पल. दहा डेसिबलचा फरक हवा तर पाच सॅम्पलच्या आत नेम बसला पाहिजे. इथे वॉव आणि फ्लटर आडवे येतात, टेपचा वेग सेकंदासेकंदाला किंचित हलतो आणि अर्ध्या शब्दात नेम चुकतो. पहिल्या प्रयत्नात कुजबुज कमी होण्याऐवजी दुप्पट झाली. मग तुकडे लहान केले. एकेक अक्षर, ०.२ सेकंदाचा एकेक तुकडा, प्रत्येकाला वेगळं सरकवायचं. शिडीच्या एका थांब्याला मला सव्वाचार तास लागले.

पण झालं. रात्री अकराच्या सुमाराला «शिडी त्यांनी परत केली» नंतर मी पहिल्यांदा तो थांबा आहे तसा ऐकला. खुर्ची कुरकुरली. खोकला आला. आणि त्याच्याही मागे एक गोष्ट जी इतके दिवस सावलीखाली गाडली गेली होती : डावीकडे दूर बसलेली एक बाई, तिला आधीच अंदाज आलाय, ती हसू आवरते आहे. नाकातून निसटलेला एवढासा आवाज. लेखकालाही तो ऐकू गेला असणार, कारण पुढचं वाक्य तो नेहमीपेक्षा आणखी सपाट आवाजात म्हणतो. तीच तीन वाक्यं मी नऊ वेळा ऐकली.

या निमित्ताने छापील लेख शेजारी ठेवून वाचन ताडून पाहिलं. छापलेल्या स्वल्पविरामांपैकी निम्म्यांवर तो थांबतच नाही आणि जिथे काहीच छापलेलं नाही तिथे थांबतो. दोन विशेषणं गाळतो, एक «हं» स्वतःच्या पदरचं घालतो. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबत नाही, तो निम्म्यावर उतरला की पुढचं वाक्य सुरू. पान उलटण्याचा आवाज मला आख्ख्या अर्ध्या तासात फक्त दोनदा स्वच्छ मिळाला, बाकी सगळी पानं त्याने हशाच्या पोटात उलटली आहेत. मी हा लेख कितीदा वाचला असेन, त्यातला सगळ्यात चांगला विनोद मला कागदावर कधीच दिसला नव्हता. तो «हं» मध्ये आहे.

डेकबद्दल थोडं. अ‍ॅझिमथचा स्क्रू (टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवणारा) स, श, च लख्ख ऐकू येईपर्यंत फिरवला. पिंच रोलर (टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक) बदलला. नवा बेल्ट मात्र ज्याच्याकडून मागवला त्याने जरा लांब पाठवला, दोन आठवड्यांत सैल पडला आणि फ्लटर वाढला. बेल्ट घेताना परीघ स्वतः मोजा, मॉडेलच्या यादीवर जाऊ नका. यूएसबीच्या स्वस्त प्लेअरवर हे काम होणारच नाही, त्यांचा वेग इतका डोलतो की पाच सॅम्पलचा नेम विसरा.

लिहिता लिहिता बेत बदलतोय. ठरवलं होतं की ७ संपवून सरळ ८ ला लागायचं. पण या बाजूला सावली पडलेले थांबे मोजले तर एकोणीस भरले, प्रत्येकाला चार तास म्हटले तर कठीण आहे. त्यापेक्षा आधी थांब्यांचा नकाशा करते. छापील लेखाच्या प्रतीवर प्रत्येक विराम सेकंदांत लिहायचा, हशा कुठे सुरू झाला आणि कुठे निम्मा झाला त्याची खूण करायची, गाळलेले शब्द खोडायचे. डिकन्स १८५८ पासून पैसे घेऊन जाहीर वाचन करत, तेव्हा वाचनासाठी वेगळ्या प्रती ठेवत, त्यात काटछाट करत, समासात सुराच्या आणि हातवाऱ्यांच्या खुणा करत. त्यांनी ती प्रत वाचनाआधी केली, मी वाचनानंतर करणार. नकाशा झाला की कुठल्या थांब्यावर खरंच सगळं तोललेलं आहे ते दिसेल. माझा अंदाज सहा-सात. तेवढेच हाताने साफ करायचे. हशानंतर पडणाऱ्या सावल्यांना तर हातच लावायचा नाही, त्या हशात विरघळतात.

आणखी एक. याच वाचनाला सभागृहात दुसऱ्या कुणी टेपरेकॉर्डर नेला असेल, तर त्या कॅसेटीवरची सावली वेगळ्या जागी पडलेली असणार, गुंडाळी वेगळी म्हणून. दोन्ही जुळवल्या तर थांबे एकीतून घेता येतील. हे मला आत्ता, हा परिच्छेद लिहिताना सुचलं. घरच्या जुन्या खोक्यांत कुणाला सापडली तर आधी वाजवू नका, तीनदा गुंडाळा आणि मग मला सांगा.

मूळ २४ बिट फाइल जशीच्या तशी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात) वेगळी ठेवली आहे, सावल्यांसकट. कॅसेट ८ गुंडाळण्याची पहिली फेरी आज रात्री.