वक्रता आम्ही आधी चालून मोजली

वक्रता हा शब्द पुस्तकात यायच्या आधीच आमच्या भूमितीच्या सरांनी ती आम्हाला चालून मोजायला लावली होती. मैदानात खुंटी ठोकून दोरीने फक्कीची दोन वर्तुळं आखली, एक दोन मीटर त्रिज्येचं आणि दुसरं दहा मीटरचं, आणि म्हणाले रेघेवरून दहा पावलं चाला, तोंड किती फिरलं ते सांगा. लहान वर्तुळावर तोंड जवळजवळ उलट्या दिशेला, मोठ्यावर जेमतेम तिरपं. पूर्ण फेरी मारली तर दोन्हीकडे 360 अंशच, म्हणजे एकूण किती वळलो यापेक्षा किती अंतरात वळलो ते महत्त्वाचं, म्हणून वर्तुळाची वक्रता 1 भागिले त्रिज्या आणि सरळ रेषेची शून्य. घाटात एसटी वळली की पोटात ढवळतं त्यामागे हेच असतं.

पुढच्या वर्षी पृथ्वीगोल आणला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन दोरे ताणले, मध्ये 90 रेखांश सोडून, तर ते दोन दोरे आणि विषुववृत्त मिळून जो त्रिकोण झाला त्याचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज 270! वर्गात नुसता गलका. मग कागदावर त्रिकोण काढून त्याची सुरळी केली, कोन तसेच, बेरीज 180च. सुरळी दिसते गोल पण तिच्यावरची मापं सपाट कागदाचीच राहतात. पृष्ठभागाची ही आतली वक्रता त्याच्यावर राहूनच मोजता येते हे गणितज्ञ गाउसने 1827 साली दाखवलं, आणि म्हणूनच जगाचा अचूक सपाट नकाशा होत नाही, भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो पण खरं तर आफ्रिका 14 पट मोठी.

आता मी रेल्वे ट्रॅकच्या कामात आहे आणि सरांची दोरी रोज हातात असते. वळणाच्या रुळावर 20 मीटर दोरी ताणायची, मध्यावर दोरी आणि रूळ यातलं अंतर मोजायचं, त्याला आम्ही वर्साईन म्हणतो. 1000 मीटर त्रिज्येला 50 मिलिमीटर, 500 ला 100, वक्रता थेट पट्टीवर वाचता येते, मला अजूनही हे फार सुंदर वाटतं. सरळ रुळावरून एकदम वळण दिलं तर गाडीला हिसका बसेल म्हणून मध्ये ट्रान्झिशन, म्हणजे हळूहळू वाकत जाणारा तुकडा, तिथे हा आकडा शून्यापासून हळूहळू वाढत जातो. आणि 50, 51, 50 येता येता मध्येच 62 आला की समजायचं रूळ सरकलाय, पण तो तेवढ्याच जागी ओढून चालत नाही, शेजारचे आकडे लगेच बदलतात कारण त्यांच्या दोरीचं टोक तिथेच असतं, म्हणून हिशोब अख्ख्या वळणाचा एकत्रच करावा लागतो.