मिरगाच्या आधी हायड्रॉलिक फिल्टर

परवा रविवारी ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक फिल्टर बदलला. मॅन्युअलच्या हिशोबाने अजून गाडी चालण्याचे नव्वदेक तास बाकी होते, शेजारच्याने मीटर बघितला आणि म्हणाला एवढी घाई कशाला करतोस, पण मिरगाच्या आत तो बदलायचाच हे मी गेल्या वर्षी आर्द्रात गुडघाभर चिखलात उभं राहून ठरवलं होतं, आणि का ठरवलं ते इथे नीट लिहून ठेवतो कारण आपल्याकडे मिनी ट्रॅक्टर आता घरटी नसले तरी वाडीत दोन-तीन झालेत आणि सगळ्यांना त्याच पावसात काम करायचंय.

आमचं गाव पावसच्या पुढे, पूर्णगडच्या बाजूला. 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, कारण मोठा आमच्या खाचरात वळतच नाही. पस्तीस गुंठे भात, तेही अकरा तुकड्यांत, आणि वर कातळाला लागून आंब्याची कलमं. एप्रिल-मे ट्रॉलीत आंब्याचे क्रेट, जून-जुलै चिखलणी, मग दसऱ्यापर्यंत गाडी पडवीत उभी. म्हणजे वर्षाचे तास फार होत नाहीत. तिथेच माणूस फसतो. मॅन्युअल तास सांगतं, पण ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोरडी जमीन असणार, आणि आमच्या रत्नागिरीत पाऊसच पडतो तीन हजार मिलिमीटरच्या वर. कोरड्यात चाललेले शंभर तास आणि एक्सलपर्यंत पाण्यात चाललेले तीस तास हे एक नाहीत.

तर गेल्या वर्षी. दाढ, म्हणजे भाताचं रोप, बावीस दिवसांची झालेली, लावणीला माणसं सांगून ठेवलेली, आणि चौथ्या खाचरात ट्रॅक्टर रोटर, म्हणजे मागे लावलेला चिखलणीचा रोटाव्हेटर, उचलेना. म्हणजे उचलायचा, पण हिसके देत, सावकाश, बांधापर्यंत पोचलो तरी अर्धाच वर. आणि सीटखालून एक आवाज यायला लागला, रेस दिली की वाढणारा, कुत्रं लांबून रडतं ना तसा. मी फोनवर एका मेकॅनिकला तो आवाज ऐकवला तर तो म्हणाला पंप गेला, नवा टाकावा लागेल, पंचवीस हजार धरून चाला. माझे हातपाय गळले. पैशाचं सोडा, पंप यायला आठ दिवस, तोपर्यंत रोप हाताबाहेर. एकवीस ते पंचवीस दिवसांत रोप लावलं तर फुटवा चांगला येतो, पुढे गेलं की कमी होत जातो, हे सगळ्यांनाच माहितीये.

अण्णा म्हणजे आमचे चुलते, त्यांनी आयुष्यभर डिझेल इंजिनं दुरुस्त केली, ते छत्री घेऊन बांधावर आले आणि एवढंच म्हणाले, "पंप कुठला जातोय रे, आधी तेल काढून बघ तरी."

गेज, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढला. ऑइल सोनेरी असायला हवं तिथे पार चहासारखं, तेही भरपूर दूध घातलेल्या चहासारखं. "अण्णा, पाणी गेलंय," मी म्हटलं. "दिसतंय ना? मग आता तो फिल्टरचा डबा काढ," म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला ट्रॅक्टर घेताना कुणी सांगितली नव्हती. आपल्या बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि हायड्रॉलिकचं वेगळं असं नसतं. मागच्या हाऊसिंगमध्ये एकच ऑइल, त्यातच गिअर फिरतात, त्यातच डिफरन्शियल, तेच पंप ओढतो आणि रोटर उचलणाऱ्या लिफ्टला देतो, आणि माझ्या गाडीत ब्रेकच्या प्लेटासुद्धा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या. म्हणजे ते ऑइल खराब झालं की नुसती लिफ्ट नाही जात, आंब्याचे क्रेट भरलेली ट्रॉली घेऊन घाटी उतरताना ज्या ब्रेकवर पाय ठेवतो तो ब्रेकही त्याच ऑइलच्या भरवशावर आहे. हे कळल्यापासून मी या फिल्टरकडे किरकोळ पार्ट म्हणून बघू शकत नाही.

आणि माझ्या गाडीत फिल्टर बसवलेला आहे पंपाच्या आधी, ओढण्याच्या बाजूला. फिल्टर तुंबला की पंपाला ऑइल पुरत नाही, तो रिकामा ओढतो, ऑइलात बुडबुडे होतात आणि ते पंपात दाबाने फुटतात. तो रडण्याचा आवाज त्याचाच. पंप तेव्हा गेलेला नसतो, पण असाच चालवत राहिलं तर आतून खरवडत जातो आणि मग खरंच जातो. म्हणून आवाज आला की गाडी बंद करायची, "एवढं खाचर संपवू आणि बघू" हे करायचं नाही. मी अर्धं खाचर तसंच ओढलं होतं, अजून ते मनाला लागतं.

डबा काढून हॅक्सॉ ब्लेडने कापला. आतला कागद, तो चुण्या घातलेला असतो ना साडीच्या निऱ्यांसारखा, तो पाणी पिऊन फुगलेला आणि निऱ्या एकमेकींना चिकटलेल्या. बोटाने दोन निऱ्या वेगळ्या करायला गेलो तर कागद लगद्यासारखा हातात आला. कचरा फार नव्हताच त्यात. घाणीने नाही, पाण्याने तुंबला होता. नव्वद तास राहिलेत की नऊ, या कागदाला काय त्याचं?

दुसरी गोष्ट अण्णांनी दाखवली ती तव्याची. आईचं जुनं कान तुटलेलं भिडं पडवीत पडलेलं, ते चुलीवर तापवलं आणि गेजच्या टोकावरचा एक थेंब त्यावर सोडला. चुरचुर करून उडालं, घावन घालताना पाण्याचा हात मारतो तसं. मग नव्या कॅनमधल्या ऑइलचा थेंब टाकला, तो नुसता पसरला आणि धुरावला, आवाज नाही. ऑइल दुधाळ दिसण्याइतकं पाणी नसलं तरी भिडं सांगतं. एकच थेंब टाकायचा, तोंड लांब ठेवायचं, आणि ते भिडं परत स्वयंपाकात न्यायचं नाही. मी आता दर चिखलणीनंतर हे करतो, दोन मिनिटांचं काम.

त्या वेळी ऑइल दोनदा बदलावं लागलं. एकदा काढून नवं भरलं तरी कानाकोपऱ्यात राहिलेलं पाणी त्यात मिसळतंच, मग तासभर चालवून परत काढलं. दोन वेळचं वीस-वीस लिटर. एकाने सल्ला दिला की मध्ये डिझेल घालून धुऊन घे, स्वस्तात होईल, पण ते मी केलं नाही आणि करणार नाही, आत राहिलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं आणि त्याच ऑइलावर गिअर आहेत. दोनदा पैसे गेले खरे, पण पंप तोच आहे, आजही तोच चालतोय. लावणी तीन दिवस लांबली एवढंच.

आता या रविवारचं. फिल्टर रत्नागिरीत मिळाला नाही. दुकानात दुसरा दाखवला, "थ्रेड सेम आहे, बसतो." बसतो हे खरं, पण आतला कागद किती बारीक, बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे कागद तुंबला तर ऑइल बाजूने सोडणारी झडप, आहे का आणि तो किती दाबाला उघडतो हे बाहेरून दिसत नाही. ओढण्याच्या बाजूला गरजेपेक्षा बारीक कागद लावला तर फिल्टर नवा असूनही पंप उपाशी. मी नको म्हटलं. पार्ट नंबर जुन्या डब्यावर असतो, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलेला होता, तो कोल्हापूरला पाठवला आणि चौथ्या दिवशी पार्सल आलं. मे महिन्यात चार दिवस थांबता येतं. जूनच्या शेवटी नाही येत.

काम तसं तासा-दीड तासाचं. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट केलं, कढत नको, हात भाजतो. सपाट जागेवर लावली, रोटर जमिनीवर टेकवला, इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक आणि चाकामागे चिरा. लिफ्ट वर ठेवून खाली हात घालायचा नाही, कधीच नाही. मग फिल्टरच्या आजूबाजूची सगळी माती आधी ब्रशने आणि मग फडक्याने साफ केली. या साफसफाईला मी बदलण्यापेक्षा जास्त वेळ देतो. आमची लाल माती सुकली की पिठासारखी होते आणि डबा फिरवताना तिची चिमूट जरी आत गेली तरी नव्या फिल्टरच्या पलीकडे, थेट पंपाच्या वाटेवर पडते.

ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाची पेस्ट होती, काजळासारखी मऊ, बोटावर चोळली तर खर लागत नाही. ती असणारच, गिअरची रोजची झीज आहे. टोचणारा तुकडा, चमकणारी खपली मिळाली असती तर फिल्टर बदलून भागलं नसतं. आतली जाळी पण काढली, ती टाकायची नसते, रॉकेल नाही मिळत आता म्हणून डिझेलमध्ये ब्रशने धुतली आणि पूर्ण सुकू दिली.

डबा बेल्ट पान्याने सैल केला आणि हाताने काढला. आणि इथे थांबायचं. गेल्या वर्षी पावसात घाईघाईने नवा डबा चढवला, इंजिन चालू केलं आणि बुडातून ऑइलची धार लागली. जुन्या डब्याची रबरी रिंग वरच्या बाजूलाच चिकटून राहिली होती, काळ्या लोखंडावर काळी रिंग दिसलीच नाही, तिच्यावर नवी रिंग बसली आणि दोन रिंगा एकमेकींवरून सरकल्या. अर्धी बादली नवंकोरं ऑइल चिखलात. म्हणून या वेळी टॉर्च घेऊन बघितलं, वर बोट फिरवून बघितलं आणि जुन्या डब्याला रिंग आहे ना हेही बघितलं. तिन्ही. मग नव्या रिंगला स्वच्छ ऑइलचं बोट लावलं, डबा हाताने फिरवत टेकेपर्यंत नेला आणि टेकल्यावर पाऊण फेरा, हातानेच. पाना काढण्यासाठी असतो, लावण्यासाठी नाही. पान्याने आवळला की रिंग चेपते आणि पुढच्या वेळी डबा निघताना पत्रा पिळवटून येतो.

ड्रेन बोल्टला नवा वायसर घातला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल भरलं, साधं इंजिन ऑइल इथे चालत नाही कारण ओल्या ब्रेकला वेगळ्या गुणाचं लागतं. इंजिन मंद रेसवर पाच मिनिटं, लिफ्ट दोन-चार वेळा वर-खाली. सुरुवातीला जरा कुरकुरला, आत हवा असते, मग शांत झाला. लिफ्ट खाली सोडून बंद केला, थोड्या वेळाने गेज बघितला, लेव्हल खाली गेलेली कारण नव्या डब्यानेच काही ऑइल घेतलं, तेवढं वरून घातलं. लीक बघायला पुठ्ठा खाली सरकवायचा, पाइपावर हात फिरवायचा नाही. दाबाच्या बाजूच्या पाइपाला सुईएवढं भोक असलं तर ऑइल कातडीत घुसतं आणि ते वरून टोचल्यासारखंच दिसतं, पण तो ताबडतोब हॉस्पिटलचा मामला आहे.

सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटी केलं, ते म्हणजे ब्रीदर. गेल्या वर्षी पाणी आलं कुठून हे शोधताना अण्णांचं बोट तिथे गेलं होतं. हाऊसिंगच्या वर सुपारीएवढी टोपी असते, आतली हवा तापली की त्यातून बाहेर, गार झाली की आत. माझी चिखलाने आणि खाऱ्या हवेच्या गंजाने पार बंद. तासभर चिखलणीत तापलेली गाडी गार पाण्यात उभी राहिली की आतली हवा आकसते, वरून वाट बंद, मग ती एक्सलच्या सीलमधून ओढते. आणि सील पाण्याखाली. म्हणजे गाडी स्वतःच पाणी प्यायली होती. सील तपासले, एक बदलला, पण मूळ ती टोपी. या वेळी काढून धुतली, फुंकर मारून बघितली, आरपार जाते. धुताना प्रेशर पंपाचा फवारा आता ब्रीदरवर, गेजवर आणि गिअरच्या रबरावर मारू देत नाही, मुलांनाही सांगून ठेवलंय.

जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंय, गॅरेजवाला जुनं ऑइल गोळा करतो त्याला देणार. आमच्या खालून पऱ्या जातो तो थेट खाडीला मिळतो, त्यात एक वाटीही सांडायची नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा तसाच ठेवला होता. सकाळी चहाच्या आधी जाऊन बघितलं, कोरडा. डब्यावर मार्करने तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला, खाली "चिखलणीनंतर भिडं" असं पण लिहिलं. अण्णा पडवीतून बघत होते, म्हणाले, "आता रोहिणीत एकदा वरच्या खाचरात फिरवून आण." उद्या नेतो.