हालरटाऊ नाही, मग काय घालू?

माझा भाचा मेलबर्नला असतो आणि हौसेने घरी बिअर करतो. तिकडे चालतं. इथे खारघरमध्ये मी बिनपरवाना तोच उद्योग मांडला तर उत्पादन शुल्कवाले दारात उभे राहतील. पण माझी नोकरी तळोज्याला एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये झाली, त्यामुळे त्याचं काही अडलं की फोन मामालाच.

या वेळी गव्हाची बिअर. रेसिपीत २० लिटरला २८ ग्रॅम हालरटाऊ (हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, एक जात), तासभर उकळायचे. नेमके तेच संपलेले. फ्रीजरमध्ये होते सिट्रा आणि मॅग्नम, हॉप्सच्याच दुसऱ्या जाती. "मामा, सिट्राचा वास काय भारी आहे! तेवढेच टाकू का?"

म्हटलं, बेडगी संपली म्हणून लवंगी मिरची मोजून तेवढीच घालशील का? आधी पाकिटावरचा अल्फा ॲसिडचा आकडा वाच. कडूपणा त्यातून येतो. रेसिपीतल्या हालरटाऊत ४ टक्के, त्याच्याकडच्या मॅग्नममध्ये १४. २८ गुणिले ४, भागिले १४. झाले ८ ग्रॅम. पुरे! जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला १० ते १५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) म्हणजे डोक्यावरून पाणी.

"पण मग हालरटाऊचा वास?" तो तसाही राहणार नव्हता. तासभर उकळलं की हॉप्सची सुगंधी तेलं जवळजवळ सगळी वाफेबरोबर उडून जातात. या बिअरचा वास यीस्ट ठरवतं: केळं आणि लवंग. उगाच नाही बव्हेरियातले लोक हॉप्सचा हात इतका आखडता ठेवत. शेवटच्या पाच मिनिटांत सिट्रा घातलेस तर आंबा-लिंबाचा वास त्या केळ्याच्या उरावर बसेल. अमेरिकन व्हीट करायची असेल तर खुशाल घाल, त्यात तो शोभतो.

शेवटी थोडे सुगंधी हॉप्स घालायचेच असतील, तर मात्र नाव बघावं लागतं. टेटनांग किंवा साझ घ्यावेत; अमेरिकन माउंट हूड आणि लिबर्टी तर हालरटाऊच्याच वंशातले, तेही चालतील. फक्त पाकीट जुनं, उघडं पडलेलं नको. हवा आणि उष्णता लागली की अल्फा उतरतो, मग छापील आकड्यावर केलेला हिशोब फसतो.

सगळं पटलं, आणि मग कळलं की साहेबांचा किचनमधला काटा ५-५ ग्रॅमने उडी मारतो. आता आधी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आण म्हणालो. तोवर बिअर थांबेल.