सामाईक चूक

माझे वडील बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात पोथ्या ताडून पाहण्याच्या कामावर होते. वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९५१ मध्ये सुरू झाले आणि १९६० ते १९७५ या काळात तिचे सात खंड प्रसिद्ध झाले. त्यासाठी निवडलेल्या ८६ पोथ्या निरनिराळ्या लिप्यांत, निरनिराळ्या प्रांतांत आणि निरनिराळ्या शतकांत लिहिल्या गेल्या होत्या; त्यांतील कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, हे ठरवल्याशिवाय एकाही श्लोकाचा पाठ निश्चित करता येत नव्हता. अयोध्याकांड आणि युद्धकांड यांचे संपादन करणाऱ्या प. ल. वैद्यांसारख्या विद्वानांच्या हाती काम जाण्याआधी कोणीतरी बसून अक्षर न् अक्षर ताडलेले असे, आणि वडिलांची नोकरीची सगळी वर्षे त्या कामात गेली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रात्री पानावर बसले की ते त्या दिवशी सापडलेल्या लेखनिकांच्या चुका आम्हा भावंडांना सांगत.

बरोबर पाठातून काहीच कळत नाही, असे ते म्हणत. पाच पोथ्यांत एक शब्द शुद्ध लिहिलेला असेल, तर तो मूळ ग्रंथापासून सरळ चालत आलेला असेल किंवा एखाद्या व्युत्पन्न लेखनिकाने मधेच दुरुस्त केलेला असेल. त्यावरून पोथ्यांचे नाते लागत नाही. पण दोनच पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच विचित्र अशुद्ध शब्द आला, तर त्या दोन्ही एका पूर्वज पोथीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, कारण दोन माणसे स्वतंत्रपणे तीच विचित्र चूक करतील हे संभवत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित कार्ल लाखमान यांच्या नावाने रूढ झालेल्या पाठचिकित्सेचा हा कणा आहे. मात्र वडील लगेच पुढचे सांगत, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. लागोपाठच्या दोन चरणांच्या शेवटी एकच शब्द असेल, तर लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधला मजकूर गळतो. काश्मीरमधला लेखनिक ही चूक करील आणि केरळमधलाही करील, दोघांची कधी गाठ पडलेली नसताना. म्हणून चूक सामाईक असून भागत नाही. ती सहजासहजी होणारी नसावी लागते.

या एका नियमाने पुढे आमच्या घरातल्या तिघांची तीन शास्त्रे जोडली, म्हणून हे लिहीत आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. तेथे विज्ञान, विधी आणि शिक्षणशास्त्र यांच्या विद्याशाखा वेगळ्या, त्यांची ग्रंथालये वेगळी, प्रबंधांची बांधणीसुद्धा लांबूनच ओळखू येईल इतकी वेगळी. माझा धाकटा भाऊ तेथे कायदा शिकला आणि न्यायमंदिरात वकिली करू लागला. मी शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन शाळेत गणित शिकवले. भावाची मुलगी जीवरसायनशास्त्रात पीएच. डी. करीत आहे. संशोधनाचा विस्तार विभागांच्या संख्येने मोजण्याची पद्धत आहे. मला तो मोजावासा वाटतो तो एकच प्रश्न प्रत्येक इमारतीत गेल्यावर कसा बदलतो, यावरून.

जीवशास्त्रात हा नियम किती हुबेहूब उतरला आहे, हे पुतणीने मला क जीवनसत्त्वाच्या उदाहरणाने समजावले. बहुतेक सस्तन प्राण्यांचे शरीर क जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. माणसाचे करीत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या विकराचे जनुक आपल्यात मोडलेल्या अवस्थेत आहे. चिंपांझी आणि इतर वानरे यांच्यातही ते मोडलेलेच आहे, आणि त्याचे उरलेले अवशेष आपल्याशी जुळतात. काम करणारे जनुक सारखे निघाले असते, तर टीकाकार म्हणू शकला असता की सारख्या कामासाठी सारखे साधन लागणारच. निकामी जनुकाला मात्र असे कोणतेही कारण देता येत नाही; ती पूर्वजाकडून आलेली लेखनिकाची चूक आहे. वडिलांची पुढची अटही येथे आहे. गिनी पिगलाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, पण त्याच्या जनुकाची मोडतोड निराळ्या तऱ्हेची आहे, म्हणजे त्या प्राण्याच्या वंशात हा बिघाड स्वतंत्रपणे झाला. परिणाम सारखा असला तरी चूक तीच नाही, म्हणून नातेही ते नाही. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये वर्गीकरणाची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच की जुने साम्य नाते सांगत नाही, नंतर झालेला आणि वाटून घेतलेला बदल सांगतो. १९९८ मध्ये तर ‘नेचर’ या नियतकालिकात चॉसर या इंग्रज कवीच्या एका काव्यभागाच्या ५८ हस्तलिखितांचा अभ्यास आला. जनुकांचे वंशवृक्ष काढण्यासाठी तयार केलेल्या संगणक-पद्धतीने त्यात हस्तलिखितांचा वंशवृक्ष काढला होता. वडील तोपर्यंत राहिले नव्हते. त्यांना हे सांगता आले असते तर किती आनंद झाला असता, हे मी अजून मनाशी म्हणते.

कायद्यात हाच पुरावा येतो, पण तेथे त्याच्यामागून एखाद्याचे वर्ष जाते किंवा वाचते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या एका खटल्याचा निकाल दिला. एका परीक्षार्थ्याच्या आणि दुसऱ्याच्या हिंदीच्या उत्तरपत्रिकांत चुका सारख्या होत्या. नक्कल करताना त्याला कोणी पाहिले नव्हते. उच्च न्यायालयाने मंडळाची कारवाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि म्हटले की अशा प्रकरणांत प्रत्यक्ष पुरावा नेहमी मिळत नाही, तेव्हा संभाव्यता आणि परिस्थितिजन्य पुरावा यांच्या आधारे निर्णय करावा लागतो. १९७० च्या बिहारमधील एका खटल्यात संपूर्ण परीक्षा केंद्राचा निकाल रद्द झाला होता. तेथे न्यायाधीशांनी उत्तरपत्रिका स्वतः ताडून पाहिल्या आणि उत्तरांतील साम्य पाहून आपल्या मनात संशय उरला नाही असे नमूद केले. हे वाचताना मला आखीव कागदावर वाकलेले वडील दिसतात.

पण भाऊ नेहमी बजावतो की नक्कल सिद्ध झाली म्हणजे अपराध सिद्ध झाला असे नाही. अमेरिकेतील एका दूरध्वनी कंपनीने आपल्या नामसूचीत नक्कल ओळखता यावी म्हणून मुद्दाम खोट्या नोंदी पेरल्या होत्या, आणि त्यांतील चार नोंदी दुसऱ्या प्रकाशकाच्या सूचीत जशाच्या तशा सापडल्या. नक्कल उघड होती. तरी १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाच्या बाजूने निकाल दिला, कारण नाव, गाव आणि क्रमांक या नुसत्या वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. पोथीशास्त्राचे काम ‘हे कोठून आले’ येथे संपते. कायद्याला ‘मग त्यात कोणाचे काय बिघडले’ हेही ठरवावे लागते. हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच कष्टाचा आहे, आणि त्यावर काम करणाऱ्यांना ‘तुम्ही प्रयोग कोठे करता’ असे विचारणाऱ्या विज्ञानाच्या लोकांचे मला वाईट वाटते.

आता माझ्याकडे येते. आठवीच्या वर्गाला मी ३,७५० रुपयांचे ७ टक्के दराने ३ वर्षांचे चक्रवाढ व्याजाचे उदाहरण घातले होते. रास ४,५९३ रुपये ९१ पैसे येते. मागेपुढे बसणाऱ्या दोन मुलींनी ४,५९५ लिहिले होते, आणि पायऱ्याही सारख्याच होत्या. वडिलांच्या तालमीत वाढलेल्या मला क्षणभरही शंका आली नाही. मी दोघींना शून्य दिले आणि वर्गासमोर कारणही सांगितले. महिन्याभराने दुसऱ्या तुकडीच्या वह्या तपासताना एका तिसऱ्या मुलीचेही उत्तर ४,५९५ निघाले. ती त्या दोघींच्या आसपास कधीच बसलेली नव्हती. चौकशी केल्यावर कळले की तिघी एकाच शिकवणीला जात, आणि तेथे प्रत्येक वर्षाअखेरीस व्याज पूर्ण रुपयांत करून मगच पुढे जायचे असे शिकवले होते. २६२.५० चे २६३, २८०.९१ चे २८१, ३००.५८ चे ३०१. तिघींनी आपापला हिशेब प्रामाणिकपणे केला होता. त्या एका पूर्वजाच्या प्रती होत्या; एकमेकींच्या नव्हत्या. पोथ्यांच्या बाबतीत हा भेद मी लहानपणी ऐकला होता आणि मुलींच्या बाबतीत विसरले. मी वर्गासमोरच माफी मागितली, गुणही परत दिले, पण मधल्या महिन्यात त्यांतील एकीने वर्गात हात वर करणे सोडले होते आणि वर्ष संपेपर्यंत ती पुन्हा बोलती झाली नाही.

त्यानंतर मी शिक्षणशास्त्रातले संशोधन खऱ्या अर्थाने वाचू लागले. १९७४ मध्ये आमच्याच विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राच्या प्रगत अभ्यास केंद्राने एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली भारतातील शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध केले होते, आणि त्याच वर्षी मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, जेथे मुलांच्या मनातील चुकीच्या कल्पनांचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. या शास्त्रात सामाईक चूक हा गुन्ह्याचा माग नसतो. देशोदेशीची मुले ०.२५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी मानतात, कारण २५ हे ५ पेक्षा मोठे असते. त्यांनी एकमेकांचे पाहिलेले नसते, की त्यांचा शिक्षकही एक नसतो. ही नजर घसरणाऱ्या लेखनिकाची चूक आहे, कोणाच्याही हातून स्वतंत्रपणे होणारी. पाठचिकित्सक अशी चूक निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवतो; शिक्षणाच्या अभ्यासकाचे काम नेमके तिच्यापासून सुरू होते, कारण तिच्यातून माणसाचे मन कसे चालते ते दिसते.

गेल्या पावसाळ्यात पुतणीने प्रबंधाचा मसुदा मला शुद्धलेखन पाहण्यासाठी दिला. तिला धास्ती होती ती साम्य मोजणाऱ्या संगणक-प्रणालीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ असते, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई होते. कायद्यांचा मजकूर आणि प्रमाण समीकरणे त्या मोजणीतून वगळलेली आहेत, आणि हा विवेक मला पटतो, कारण तेथे साम्य अटळच असते. मला मात्र निराळेच काही दिसले. संदर्भसूचीत एकाच शोधनिबंधाचे वर्ष दोन ठिकाणी वेगवेगळे पडले होते. मी तिला विचारले, की हा निबंध तू स्वतः पाहिला आहेस का. ती गप्प राहिली. मग तिने त्याच प्रयोगशाळेतील आधीचे तीन प्रबंध काढले. सर्वांत जुन्यात वर्ष बरोबर होते. दुसऱ्यात अंक उलटसुलट झाले होते. तिसऱ्यात तीच चूक होती, आणि तेथून ती हिच्याकडे आली होती. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन संशोधकांनी संदर्भसूच्यांतील अशाच पुनःपुन्हा येणाऱ्या छापील चुकांवरून अंदाज बांधला होता की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकच मूळ निबंध वाचतात. तिला मी हा आकडा सांगितला नाही. प्रबंध देण्याच्या धावपळीत ती अगोदरच थकलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात जाऊन मूळ निबंध घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर पेन्सिल हातात धरून तिने तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला, आणि तिसऱ्या पानावर थांबून म्हणाली, “आत्या, यांनी हे तापमान घेतलेलेच नाही.”