खिळ्याचं डोकं सोडा, अंग बघा

अमेरिकेच्या पूर्व भागात जुन्या शेतघराच्या जागी मेटल डिटेक्टर फिरवला, की नाण्याआधी खिळेच वर येतात. डोक्यावर घणाचे चार-पाच चपटे ठोके दिसले, की लोक लगेच ‘लोहाराचा खिळा’ म्हणून मोकळे होतात. पण १७९० नंतर यंत्राने कापलेल्या सुरुवातीच्या खिळ्यांचीही डोकी हातानेच ठोकत.

खिळा चिमटीत धरून बोटं डोक्याकडून टोकाकडे न्या. मग पाव वळसा देऊन पुन्हा न्या. दोन्ही वेळा निमुळता लागला, तर ऐरणीवर घडवलेला. एकदा निमुळता आणि एकदा समांतर लागला, तर पत्र्यातून कापलेला. त्याची जाडी पत्र्याचीच, ती कुठून बदलणार? अंग गोल असेल तर तारखिळा. १८९२ पर्यंत तिकडे त्याने कापीव खिळ्याला मागे टाकलं होतं.

कापीव खिळ्याच्या कडांवरून नख फिरवा. कापताना उठलेली बारीक धार समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांवर असेल तर तो बहुधा १८२० च्या दशकापर्यंतचा. दोन्ही धारा एकाच बाजूला असतील तर तो साधारण १८१० नंतरचा. गंजाने उघडे पडलेले लोखंडाचे रेशेही बघा, लाकडाच्या रेशांसारखे दिसतात. ते खिळ्याच्या लांबीला आडवे असतील तर खिळा जुना. १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून ते उभे येऊ लागले. आडव्या रेशांचा खिळा वाकवला की तुटतो, म्हणून फळीतून आरपार काढून टोक वळवायचं तिथे सुतार घडीव खिळाच वापरत राहिले. दारांत तो उशिरापर्यंत सापडतो तो यामुळे. शिवाय जुने खिळे सरळ करून पुन्हा ठोकायची रीत होतीच. तेव्हा एका खिळ्यावरून घराचं वय काढू नका, ओंजळभर जमवा.

साफ करताना हातोडी नको. माती वाळवून बांबूच्या काडीने काढा, मग ब्रश. चुंबकाला जेमतेम चिकटत असेल तर आत लोखंड फारसं उरलेलं नाही. गंज काढायला खिळा सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यातून वीज सोडतात; असा खिळा त्यात घालू नका, भुगा होईल. बाकीच्यांना चार लिटर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा पुरतो. बॅटरीचं ऋण टोक खिळ्याला, धन टोक त्याच पाण्यात बुडवलेल्या भंगार लोखंडाला. भंगाराच्या जागी स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावरच करा, कारण हायड्रोजन सुटतो.