लाल शाईच्या चार नोंदी

आमच्या सातारा जिल्ह्यात मिलिटरीत माणूस नाही अशी वाडी शोधावी लागते. पेन्शनवर आलेल्या माणसाला गाव ‘मेजर’ म्हणून हाक मारते, मग तो शिपाई म्हणून उतरलेला असो वा सुभेदार म्हणून. पण प्रत्येक तालुक्यात असेही काही जण आहेत, ज्यांनी दहा-बारा वर्षे वर्दी घातली, सीमेवर पहारे दिले आणि जे एके दिवशी ट्रंक व बिस्तरा घेऊन मुदतीआधीच घरी परतले. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांचा सत्कार होतो, तेव्हा ही माणसे शेताकडे निघून जातात. त्यांच्या डिस्चार्ज बुकात सेवा संपल्याचे कारण एका ओळीत लिहिलेले असते : ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’, म्हणजे यापुढे तुमच्या सेवेची गरज नाही.

या ओळीचे परिणाम माणसाला आयुष्यभर पुरतात. शिपायाला सेवा-निवृत्तिवेतन मिळण्यासाठी पंधरा वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. ती भरण्याआधी नाव कापले गेले, की फंड आणि ग्रॅच्युइटी हातात पडते आणि हिशेब मिटतो. माजी सैनिकाच्या व्याख्येतून गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणावरून काढलेली माणसे वगळलेली आहेत, त्यामुळे कँटीन कार्ड, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना, नोकरीतल्या राखीव जागा, घरपट्टीची सवलत यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभे राहायचे, तरी तेथे माजी सैनिकाचे ओळखपत्र असलेल्याला आधी घेतले जाते.

मी सैन्यात लिपिक होतो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. ऑफिसची कागदपत्रे वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे आसपासच्या गावांतले लोक पेन्शनचे, फॅमिली पेन्शनचे, नावातल्या चुकीचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या काही काळापासून माण तालुक्यातील एका माणसाचे प्रकरण माझ्या टेबलावर आहे. त्यांच्या परवानगीने, पण नाव, रेजिमेंट आणि युनिट न सांगता, ते येथे मांडतो आहे, कारण अशी प्रकरणे इतर जिल्ह्यांतही असणार आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला दाद मागता येते हेच ठाऊक नसते.

ते १९९६ साली भरती झाले आणि २००८ साली घरी पाठवले गेले. या बारा वर्षांत राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीर खोऱ्यातील एक पूर्ण कार्यकाळ आणि अतिउंचावरील चौक्यांवरची सेवा त्यांच्या नावावर आहे. त्यांचे कंडक्ट शीट, म्हणजे शिक्षांच्या नोंदींचा कागद, माहिती अधिकारात मागवले, तेव्हा लाल शाईच्या चार नोंदी समोर आल्या. सैन्यात किरकोळ शिक्षा काळ्या शाईने लिहिल्या जातात, तर सश्रम कारावासासारख्या शिक्षांची नोंद लाल शाईने होते. त्यांच्या चार नोंदींपैकी तीन सेना अधिनियमाच्या कलम ३९ खालच्या, म्हणजे रजा संपूनही हजर न झाल्याबद्दलच्या होत्या आणि एक कलम ४८ खालची, म्हणजे नशेच्या अवस्थेत सापडल्याबद्दलची. प्रत्येक वेळी कमांडिंग ऑफिसरने शिक्षा दिली आणि प्रत्येक वेळी त्यांनी ती पूर्ण भोगली.

कंडक्ट शीटवर स्थळ, दिनांक, हुद्दा, गुन्हा, साक्षीदार, शिक्षा आणि शिक्षा देणाऱ्याची सही एवढे रकाने असतात. माणूस का आला नाही, हे लिहायला रकाना नसतो. त्यांच्या पत्नीने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले सरकारी रुग्णालयाचे कार्ड मी त्या कागदाशेजारी ठेवून तारखा जुळवल्या. दुसऱ्या नोंदीत ते एकोणीस दिवस उशिरा हजर झाल्याचे म्हटले आहे. कार्डावर त्याच एकोणीस दिवसांच्या आत पत्नीची अवघड बाळंतपणासाठी झालेली भरती, शस्त्रक्रिया आणि घरी सोडल्याची तारीख आहे. “साहेब, रजा वाढवून द्या म्हणून मी कंपनी ऑफिसला फोन केला होता,” असे ते म्हणतात. त्या फोनचा पुरावा आज कोठेच नाही. कार्डाचा मात्र आहे, आणि तो सेवेत असताना एकाही अधिकाऱ्यासमोर आला नव्हता.

आला नव्हता, याचे कारण कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरात दिसते. सेना नियम १९५४ मधील नियम १३(३) तीन (पाच) खाली जवानाला कमी करण्याचा आदेश ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडर देतो आणि परिस्थिती अनुकूल असेल तर त्याआधी जवानाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. संधी दिली गेली होती. नोटीस इंग्रजीत होती, उत्तरही इंग्रजीत टाइप केलेले होते आणि खाली या माणसाची देवनागरी सही होती. उत्तर तीन ओळींचे होते : माझ्या चुका मान्य आहेत, यापुढे असे होणार नाही, मला एक संधी द्यावी. रुग्णालयाचा उल्लेख नाही, आजारी वडिलांचा नाही, चौकीवरच्या सेवेचाही नाही. अशी उत्तरे कशी तयार होतात ते लिपिकाच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही समजेल. नमुना ठरलेला असतो, माणूस सही करतो आणि फाइल पुढे सरकते.

पुष्कळ जवानांचा आणि काही अधिकाऱ्यांचाही असा समज आहे की चार लाल नोंदी झाल्या की घरी जावेच लागते. सेना मुख्यालयाच्याच २८ डिसेंबर १९८८ च्या पत्राने तो समज खोडून काढलेला आहे. त्या पत्रानुसार चार नोंदींमुळे कमी करणे बंधनकारक नाही. आधी निःपक्ष प्राथमिक चौकशी झाली पाहिजे, प्रत्येक नोंदीमागचा गुन्हा कोणत्या स्वरूपाचा होता ते पाहिले पाहिजे, निवृत्तिवेतनाच्या जवळ पोहोचलेल्या माणसाशी कठोरपणे वागू नये, त्याची दीर्घ सेवा आणि त्याने काढलेली खडतर ठिकाणे विचारात घ्यावीत, आणि सेवेच्या हितासाठी अगदी आवश्यक असेल तेव्हाच त्याला कमी करावे. म्हणजे या माणसासाठी दया मागण्याची गरजच नाही. सैन्याने स्वतःसाठी घालून घेतलेली शिस्त त्याच्या बाबतीत पाळली गेली का, एवढेच विचारायचे आहे.

हाच प्रश्न तोफखान्यातील वीरेंद्रकुमार दुबे यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. त्यांनाही सुमारे बारा वर्षांच्या सेवेनंतर चार लाल नोंदींवरून कमी करण्यात आले होते. २०१५ साली न्यायालयाने त्यांचा डिस्चार्ज रद्द केला, कारण १९८८ च्या पत्रात सांगितलेली चौकशी झालेली नव्हती आणि केवळ नोंदींची संख्या मोजून निर्णय घेता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. निवृत्तिवेतनास पात्र होईपर्यंत ते सेवेतच होते असे मानावे, मधल्या काळाचा पगार देऊ नये, पण निवृत्तिवेतन द्यावे, असा तो आदेश होता. मला तो अत्यंत न्याय्य वाटतो. न केलेल्या कामाचे पैसे दिले नाहीत आणि केलेल्या सेवेचे मोलही बुडू दिले नाही.

याच्या उलट लागलेले निकालही आहेत. २०१९ साली सतगुर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वारंवार गैरहजर राहिलेल्या जवानाचा डिस्चार्ज कायम ठेवला. त्यामुळे दुबे यांच्या निकालाची प्रत जोडली की काम झाले, असे सांगणाऱ्या एजंटांपासून लोकांनी लांब राहावे. प्रत्येक प्रकरणात नोटीस, उत्तर, चौकशी आणि आदेश हे चार कागद प्रत्यक्ष पाहावे लागतात. आमच्या प्रकरणात माहिती अधिकारात नोटीस आली, उत्तर आले, आदेश आला. प्राथमिक चौकशीचा एकही कागद आला नाही. प्रकरणाचा सगळा भार त्या न आलेल्या कागदावर आहे.

मी सैन्याच्या बाजूने विचार करत नाही असे कोणी समजू नये. रजेवरचा माणूस वेळेवर परत आला नाही तर त्याच्या वाट्याचा पहारा दुसऱ्याला द्यावा लागतो आणि ज्याची रजा त्याच्यामागून लागलेली असते त्याची रजा लांबते. त्या दुसऱ्याच्या घरीही कोणी आजारी असू शकते. गैरहजेरीला शिक्षा हवीच, आणि ती या माणसाला तीन वेळा मिळाली. माझे म्हणणे पुढच्या टप्प्याबद्दल आहे. एकदा भोगलेल्या शिक्षांची बेरीज करून पुन्हा सगळ्यात मोठी शिक्षा द्यायची असेल, तर ती देणाऱ्याने निदान एकदा विचारावे की तीनही वेळा हा माणूस घरीच का अडकला. रणजित ठाकूर या सिग्नलमनला अटकेत असताना जेवण घेण्याचा आदेश मानला नाही म्हणून समरी कोर्टमार्शलने, म्हणजे संक्षिप्त लष्करी न्यायालयाने, एक वर्षाचा कारावास आणि बडतर्फी दिली होती. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करताना अपराधाच्या मानाने शिक्षा कितीतरी पटींनी जड असल्याचे स्पष्ट केले. शिस्त आणि प्रमाण एकत्र नांदू शकतात, हे त्या निकालानंतर तरी वादाचे राहू नये.

चौथ्या, दारूच्या नोंदीबद्दल ते स्वतः फारसे बोलत नाहीत. पत्नी बोलल्या. “काश्मीरवरून आल्यापासून रात्री झोपायचे नाहीत, दादा. उठून अंगणात फिरत बसायचे.” त्या काळात त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवल्याची नोंद कागदपत्रांत मिळाली नाही. अमेरिकेत १९४४ च्या कायद्यापासून डिस्चार्जचा दर्जा तपासणारी स्वतंत्र मंडळे आहेत. तेथे पंधरा वर्षांच्या आत अर्ज करून दर्जा सुधारून मागता येतो, आणि २०१४ साली संरक्षणमंत्री चक हेगल यांनी युद्धाच्या मानसिक आघातामुळे बिघडलेल्या वर्तनाकडे उदार दृष्टीने पाहावे असे लेखी निर्देश दिले. तशी मंडळे आपल्याकडे असती, तर माझ्या मते निम्म्या माणसांना सशस्त्र दल न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली नसती.

आपल्याकडचा मार्ग लांब असला तरी बंद नाही. पहिली पायरी म्हणजे अभिलेख कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करून शीट रोल (सेवेच्या नोंदींचा कागद), कंडक्ट शीट आणि डिस्चार्जची संपूर्ण फाइल मागवणे. यात उशीर करून चालत नाही, कारण निवृत्तिवेतन नसलेल्या जवानाचे दस्तऐवज २५ वर्षे ठेवून नंतर नष्ट केले जातात, आणि एकदा ते नष्ट झाले की चौकशी झाली होती की नव्हती हे दोन्ही बाजूंना सिद्ध करता येत नाही. त्यानंतर सैन्याकडे निवेदन द्यावे. सहा महिन्यांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करते आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. सेवेतून बाहेर पडलेल्या माणसाला आपल्या राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. मुदत सहा महिन्यांची आहे, तथापि सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. निवृत्तिवेतनाची हानी दर महिन्याला नव्याने होत असल्यामुळे विलंबाच्या बाबतीत न्यायालये काहीशी सवलत देतात, मात्र तरसेम सिंग यांच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालापासून थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. उशीर करणाऱ्याचे नुकसान होते ते असे.

आमच्या निवेदनाला नकार आला. आता मुंबई खंडपीठापुढे विलंबमाफीसह अर्ज दाखल झाला असून केंद्र सरकारच्या वतीने उत्तराचे प्रतिज्ञापत्र यायचे आहे. रुग्णालयाच्या कार्डाची साक्षांकित प्रत आणि अतिउंचावरील सेवेच्या पदकाची नोंद अर्जाला जोडली आहे. मागणी दुबे यांच्या आदेशाइतकीच मर्यादित ठेवली आहे : मधल्या काळाचा पगार नको, पंधरा वर्षांची सेवा पूर्ण झाली असे मानून निवृत्तिवेतन सुरू करावे आणि डिस्चार्जचे कारण बदलावे. वकिलांनी थकबाकीचा आकडा काढून दाखवला, तेव्हा या गृहस्थांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की आपल्यामागे पत्नीला फॅमिली पेन्शन लागू होईल का. निवृत्तिवेतन मंजूर झाले तर होईल, असे त्यांना सांगितले आहे.